एकट्याने सायकल चालवता, पळता, फिरायला जाता? अंगावर वैद्यकीय ओळख अशी ठेवा

पहाटे एकट्याने बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या अंगावर ओळख म्हणून एकच वस्तू असते: लॉक केलेला फोन. पडून शुद्ध हरपली की त्याचा उपयोग घरून कोणी फोन करेपर्यंत वाट पाहण्यापुरता उरतो, आणि घरच्यांना तर तुम्ही नऊ वाजता येणार हे माहीत असते. मधले दोन-तीन तास तुम्ही ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस’ म्हणून पडून असता. हे टाळायचे तर एक धातूची पट्टी, एक लॅमिनेट केलेले कार्ड, फोनमधली थोडी तयारी आणि घरच्यांशी दहा मिनिटांचे बोलणे एवढे पुरते.

आधी एक गोष्ट पक्की करू, कारण पुढचे सगळे तिच्यावर ठरते. अशी ओळख वाचणारे दोघे असतात आणि दोघांना वेगवेगळी माहिती हवी असते. पहिला रस्त्यावरचा माणूस: दूधवाला, टपरीवाला, एसटीचा कंडक्टर. त्याला फक्त कोणाला फोन लावायचा ते कळायला हवे, तेही मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. दुसरा कॅज्युअल्टीतला, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातला डॉक्टर. तो इंजेक्शन हातात घेऊन उभा असतो. त्याला ॲलर्जी, चालू औषधे आणि जुना आजार कळायला हवा, इंग्रजीत. बाजारातल्या तयार पट्ट्या आणि घरी केलेली कार्डे फसतात ती इथेच. सगळा मजकूर एकाच आकारात, एकाच भाषेत, नाव आणि रक्तगट सर्वांत वर. टपरीवाल्याला त्या गर्दीत नंबर सापडत नाही आणि डॉक्टरला औषध.

काय लिहायचे

कागद घ्या आणि दोन याद्या करा.

रस्त्यावरच्या माणसासाठी: ‘अपघात झाल्यास फोन करा’ ही ओळ, त्याखाली दोन मोबाइल नंबर आणि प्रत्येकापुढे नाते: पत्नी, भाऊ, मुलगी. नाते लिहिले की फोन करणाऱ्याला पहिले वाक्य सुचते: “तुमच्या भावाला लागलंय.” नंबर इंग्रजी अंकांत, पाच-पाचचे दोन गट करून लिहा; दहा अंक सलग असले की घाईत एखादा चुकतो. स्वतःचा नंबर लिहू नका. ही चूक सर्रास दिसते, आणि मग मदत करणाऱ्याने फोन लावला की तुमच्याच खिशात घंटी वाजते.

दोन्ही नंबर एकाच घरातले नसावेत. दोघांपैकी कोणी तुमच्याबरोबर सायकलवर येत असेल, तर ती व्यक्ती दुसऱ्या क्रमांकावर. मुले परदेशात असलेल्या ज्येष्ठांनी एक पथ्य पाळावे: न्यू जर्सीतल्या मुलाचा नंबर पहिला टाकू नये. रस्त्यावरच्या माणसाच्या प्रीपेड सिमवरून तो बहुधा लागत नाही, आणि लागला तरी मुलगा अर्ध्या तासात दवाखान्यात पोचू शकत नाही. पहिला नंबर शेजाऱ्याचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा द्या. परदेशी कोणाला कळवायचे ते तो पाहील.

डॉक्टरसाठी, याच क्रमाने:

१. नाव आणि जन्मवर्ष. वय लिहिले तर वर्षभरात चुकीचे ठरते.

२. औषधांची ॲलर्जी. पेनिसिलिन आणि सल्फा बहुतेकांना आठवतात, डायक्लोफेनॅक विसरतात. छोट्या दवाखान्यात वेदनेसाठी पहिले इंजेक्शन पुष्कळदा त्याचेच असते. त्याने किंवा ॲस्पिरिनने कधी दम लागला असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, तर ते इथे आलेच पाहिजे. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या डायची ॲलर्जीही लिहा. ‘धुळीची ॲलर्जी’ मात्र नको. ती जागा खाते.

३. रक्त पातळ करणारी औषधे. वॉरफेरिन, ॲसिनोकूमरॉल, ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगाट्रान, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर. डोक्याला किरकोळ मार लागलेला माणूसही यातले काही घेत असेल, तर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते, कारण डोक्यातला रक्तस्राव वाढत जाऊ शकतो. औषधाचे मूळ नाव लिहा, पाकिटावरचे ब्रँडचे नाव नको. आपल्याकडे एकाच औषधाची पाच-पन्नास नावे असतात आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला त्यातली सगळी पाठ नसतात.

४. शुद्ध घालवणारे किंवा उपचार बदलणारे आजार: इन्सुलिनवरचा मधुमेह, फिट, हृदयातला स्टेंट किंवा पेसमेकर, दमा, एकच मूत्रपिंड, काढून टाकलेली प्लीहा, दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड. शेवटची बाब लोक फार हलकी समजतात. महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याचे शरीर मोठ्या दुखापतीत स्वतःचे स्टेरॉइड पुरेसे बनवू शकत नाही. ते बाहेरून मिळाले नाही तर रक्तदाब कोसळतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकल सेल असलेल्यांनी तेही लिहावे. पाणी कमी पडून आणि दमणुकीने त्याचा त्रास उसळतो, म्हणजे व्यायामाशी थेट संबंध आहे.

५. रक्तगट. हो, शेवटी. आपल्याकडे हेल्मेटपासून कंपनीच्या ओळखपत्रापर्यंत सगळीकडे रक्तगट ठळक असतो, पण पट्टीवरचा गट वाचून कोणीही रक्त चढवत नाही. रुग्णालय स्वतः गट तपासते, क्रॉसमॅच करते, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहते. तेवढा वेळ नसेल तर ओ गटाचे रक्त वापरते. जागा उरली तर लिहा.

अपवाद एकच आणि तो मुंबईचा. ‘बॉम्बे’ रक्तगट १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. हा गट असलेल्या माणसाचे रक्त नेहमीच्या तपासणीत ओ वाटते, पण त्याला ओ गटाचे रक्त चालत नाही. दुसऱ्या बॉम्बे गटाच्या दात्याचेच लागते. म्हणजे तातडीत दिलेले ओ रक्त त्याच्या जिवावर उठू शकते. हा गट असेल तर तो पट्टीच्या पहिल्या ओळीत.

मधुमेह आणि फिट यांच्याबाबत रस्त्यावरच्या माणसासाठीही मराठीत एक ओळ हवी. शुगर लो झालेला माणूस अडखळत बोलतो, घामाघूम होतो, चिडतो. बघणाऱ्याला तो प्यायलेला वाटतो आणि लोक लांब होतात. म्हणून: ‘मधुमेह आहे. शुद्धीत असेल तरच साखर द्या.’ बेशुद्ध माणसाच्या तोंडात सरबत ओतले तर ते श्वासनळीत जाते. फिटसाठी: ‘फिट येते. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका.’ कांदा आणि चप्पल हुंगवायची पद्धत अजून गेलेली नाही, आणि दातखीळ उघडायला चमचा घालणारेही भेटतात.

काय लिहायचे नाही: पूर्ण पत्ता. खिशात घराची किल्ली आणि गळ्यात घराचा पत्ता ही जोडी बरी नव्हे. ‘पुणे ३८’ एवढे पुरते. आधार क्रमांकही नको. त्यावरून कोणी तुमच्या घरी फोन लावू शकत नाही.

धातूची पट्टी

पट्टीवर न बदलणारी माहिती आणि कार्डावर बदलणारी, अशी विभागणी करा. पट्टीवर दोन नंबर, नाव, जन्मवर्ष, ॲलर्जी, मुख्य आजार. औषधांचे डोस कार्डावर.

पट्टी ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्या दुकानात होते. साधारण ४५ × २० मिलिमीटरचा, कडा घासून गोल केलेला स्टेनलेस स्टीलचा तुकडा मागा. पितळ घामाने हिरवे पडते, पातळ ॲल्युमिनियम वाकते. मजकूर लेसरने कोरून घ्या. छापलेला किंवा स्टिकरचा मजकूर घाम आणि सनस्क्रीनने काही महिन्यांत जातो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी कॅपिटल अक्षरे २ मिलिमीटर उंच असली तरी वाचता येतात, पण देवनागरीला ४ मिलिमीटरच्या आसपास उंची द्या. त्याहून लहान केली की मात्रा, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

दुकानात हमखास अडचण येते ती फाँटची. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मराठी मजकूर तिथल्या जुन्या कोरलड्रॉमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) चिकटवला की वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरे फुटतात. मजकूर घरी पीडीएफ करून न्या आणि कोरण्याआधी पडद्यावर प्रत्येक ओळ वाचा. पट्टी हातात आल्यावर, तिथेच उभे राहून, पट्टीवर बघून दोन्ही नंबर फिरवा. पाठ आहेत म्हणून हे टाळू नका. डोळा चुकीचा अंकही बरोबर वाचतो.

नमुना असा:

पुढे: अपघात झाल्यास फोन करा / पत्नी: (नंबर) / भाऊ: (नंबर)

मागे, इंग्रजीत: नाव, जन्म १९७१ / ॲलर्जी: पेनिसिलिन, डायक्लोफेनॅक / टाइप वन डायबेटिस, इन्सुलिन / कार्ड इन राइट पॉकेट

शेवटच्या ओळीमुळे डॉक्टरला पुढची माहिती कुठे आहे ते कळते.

पट्टी कुठे घालायची

अंगावर. सायकलवर नाही, बॅगेत नाही, हेल्मेटमध्ये नाही. अपघातानंतर माणूस रुग्णवाहिकेत जातो आणि सायकल कोणाच्या तरी टपरीमागे उभी राहते. सॅडलबॅगेतले कार्ड तिच्याबरोबर राहते. हेल्मेट काढले की ते झुडपाजवळ पडते. हेल्मेटच्या मागच्या बाजूला बाहेरून नंबराचे स्टिकर जरूर लावा, पण आत काही ठेवू नका. ते पाहायला म्हणून मानेला मार लागलेल्या माणसाचे हेल्मेट कोणी ओढून काढायला नको.

मनगट सर्वांत बरे, कारण नाडी पाहायला हात तिथेच जातो. पडताना आपण हात टेकतो आणि मनगट मोडून सुजते, म्हणून घट्ट कडे नको. वेल्क्रोची किंवा घड्याळाच्या पट्ट्यासारखी सैल करता येणारी पट्टी घ्या. ज्या हातावर घड्याळ त्याच्या उलट हातावर. पूर्ण बाह्यांच्या जर्सीखाली किंवा लांब हातमोज्याखाली ती झाकली जाते; थंडीत तिला बाह्यांवरून बांधा.

गळ्यातली साखळी चालते, पण लॉकेटच्या गर्दीत घालू नका आणि ओढली गेली तर सुटेल अशी मण्यांची साखळी निवडा. पळणारे बुटाच्या लेसवर पट्टी बसवतात. ती पूरक म्हणून ठीक. जोरदार धडकेत बूट पायातून निघतात. पोहणाऱ्यांना सिलिकॉनची पट्टी सोयीची, मात्र तिच्यावरही मजकूर कोरलेल्या धातूच्या तुकड्यावरच हवा.

कॅज्युअल्टीत एक्स-रे किंवा एमआरआयआधी हातातले, गळ्यातले धातू काढून ठेवतात. तेव्हा कार्डाची गरज लागते.

कार्ड

एटीएम कार्डाच्या आकाराचे, म्हणजे साधारण ८५ × ५४ मिलिमीटर. पुढच्या बाजूला पट्टीवरचाच मजकूर मोठा करून. मागे चालू औषधे मूळ नावाने आणि डोससह, मुख्य शस्त्रक्रिया वर्षासह, नेहमीच्या डॉक्टरांचे नाव आणि नंबर, आरोग्य विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि टीपीएचा (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेचा) नंबर. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तेही. बेशुद्ध माणसाच्या डोळ्यांत त्या तशाच राहतात. खालच्या कोपऱ्यात छापल्याचा महिना आणि वर्ष. त्यावरून यादी ताजी आहे की तीन वर्षांपूर्वीची, हे डॉक्टरला ठरवता येते.

छपाई लेसर प्रिंटरवर किंवा झेरॉक्सवर करा. इंकजेटची आणि जेल पेनची शाई ओल लागली की पसरते. लॅमिनेशन करताना कागदाच्या चारही बाजूंना ३ मिलिमीटर मोकळी कड सोडायला सांगा. दुकानदार सवयीने कागदाच्या कडेलाच कापतो, मग घाम आत शिरतो आणि पावसाळा संपेपर्यंत कार्डाच्या आत बुरशी. पीव्हीसी कार्ड छापून मिळत असेल तर ते अधिक टिकते, पण औषध बदलले की पुन्हा छापण्याचा कंटाळा येतो; लॅमिनेशनवाले कार्ड माणूस खरोखर बदलतो.

कार्ड जर्सीच्या पाठीमागच्या खिशात ठेवू नका. मणक्याला मार असण्याची शंका असेल तर माणसाला उताणे, न हलवता ठेवतात. पाठीखालचा खिसा कोणी तपासत नाही. छातीवरचा चेनचा खिसा किंवा पँटचा उजवा खिसा. यातले काहीच नसेल तर फोनच्या पारदर्शक कव्हरमागे, लिहिलेली बाजू बाहेर.

फोन

२००५ साली इंग्लंडमध्ये बॉब ब्रॉची या पॅरामेडिकने सुचवले की घरच्यांचा नंबर ‘आयसीई’ (इन केस ऑफ इमर्जन्सी) या नावाने साठवावा, म्हणजे मदत करणाऱ्याला चटकन सापडेल. तेव्हा बहुतेक फोन लॉक नसत. आज संपर्कांची यादी लॉकच्या मागे असते, तरी ‘आयसीई’ साठवा असा सल्ला अजून फिरतो. त्याऐवजी:

आयफोनवर हेल्थ ॲप उघडा, वर स्वतःच्या चित्रावर टॅप करा, मेडिकल आयडी भरा आणि ‘शो व्हेन लॉक्ड’ चालू करा. ते बंद राहिले तर बाकी सगळे भरणे वाया. लॉक स्क्रीनवरून इमर्जन्सी, मग मेडिकल आयडी असे ते दिसते. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी शोधा. कंपनीप्रमाणे नाव थोडे बदलते. तिथे वैद्यकीय माहिती आणि आणीबाणीचे संपर्क असे दोन भाग असतात, दोन्ही भरा, आणि लॉक असताना दिसण्याची परवानगी आहे ना ते पाहा.

पण रस्त्यावरच्या माणसाला हे मेनू ठाऊक नसतात. म्हणून लॉक स्क्रीनच्या चित्रावरच ‘अपघात झाल्यास’ आणि नंबर मोठ्या अक्षरांत टाका. घड्याळ आणि नोटिफिकेशन जिथे येतात ती जागा सोडून. सहसा पडद्याचा मधल्याहून किंचित खालचा भाग मोकळा असतो. पडदा फुटला, बॅटरी संपली किंवा पावसात भिजून टच चालेना झाला की हा उपाय संपतो. पट्टी म्हणूनच आधी.

ॲपल वॉच सिरीज ४ आणि पुढच्या घड्याळांत पडल्याचे ओळखून आपोआप फोन लावण्याची सोय आहे. वय ५५ किंवा अधिक भरले असेल तर ती आपोआप चालू होते. त्याहून लहानांनी ती चालू आहे ना ते स्वतः तपासावे. हँडलवर लावायच्या सायकल संगणकांतली अपघात ओळखण्याची सोय जोडलेल्या फोनच्या नेटवर्कवर चालते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात रेंज नसलेल्या वळणावर ती कोणालाही काही कळवत नाही.

क्यूआर कोडच्या पट्ट्यांबद्दल स्पष्टच सांगायचे तर त्या एकट्या पुरेशा नाहीत. कोडला नेट लागते, पलीकडची सेवा चालू लागते, वर्गणी भरलेली लागते, आणि अनोळखी कोड स्कॅन करायला लोक आता बिचकतात, ते बरोबरच आहे. १४ अंकी ‘आभा’ (सरकारी डिजिटल आरोग्य खाते) क्रमांक कार्डावर असू द्या, पण त्यातल्या नोंदी उघडायला तुमची संमती लागते, आणि बेशुद्ध माणूस ओटीपी सांगत नाही.

ज्यांचा नंबर दिलात ते

हा भाग जवळजवळ सगळे वगळतात. पहाटे साडेसहाला अनोळखी नंबरवरून आलेला फोन कोण उचलतो? त्या दोघांच्या फोनवर चार गोष्टी स्वतः बसून करा. आयफोन असेल तर अनोळखी कॉल गप्प करणारी सोय बंद. स्पॅम अडवणारे ॲप अनोळखी नंबर थेट कापत नाही ना, ते पाहा. डू नॉट डिस्टर्बमध्ये पुन्हा आलेला कॉल वाजू द्यायची परवानगी चालू. आयफोनवर तीन मिनिटांत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर तो वाजतो. आणि तुम्ही बाहेर असताना अनोळखी नंबर उचलायचाच, एवढे ठरवून टाका.

त्यांच्याकडे तुमच्या कार्डाचा फोटो हवा. फोन आल्यावर त्यांनी समोरच्याला काय विचारायचे तेही ठरलेले असावे: नेमकी जागा, श्वास चालू आहे का, १०८ किंवा ११२ लावले का. महाराष्ट्रात १०८ ची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे; ११२ वर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका तिन्ही. समोरचा पोलिसांच्या भीतीने फोन ठेवू पाहत असेल तर त्याला सांगता आले पाहिजे की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ए नुसार मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

निघताना

मार्ग आणि परतीची वेळ एका मेसेजमध्ये. ‘सिंहगड, डोणज्याकडून वर, त्याच रस्त्याने परत, ९ पर्यंत. १० पर्यंत फोन नाही तर शोध घ्या.’ दुसरी वेळ लिहिली नाही तर घरचे दुपारपर्यंत ‘येईलच’ म्हणत बसतात. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास देता येते. लांबच्या राइडला ८ तास द्या. रेंज गेली की ठिपका थांबतो, पण शेवटची जागा कळते, आणि शोध तिथून सुरू करता येतो.

चाचणी आणि देखभाल

शेजारच्या कोणालाही तुमचा लॉक केलेला फोन, पट्टी आणि कार्ड द्या. काही न सांगता म्हणा: माझ्या घरी फोन लाव. एका मिनिटात जमले नाही तर पट्टीवरचा मजकूर किंवा तिची जागा चुकली आहे. हीच चाचणी रस्त्याच्या दिव्याखाली, चष्मा न लावता एकदा करा.

औषध बदलले, संपर्काचा नंबर बदलला, शस्त्रक्रिया झाली की त्याच आठवड्यात नवे कार्ड आणि फोनमधली दुरुस्ती. काहीच बदलले नसले तरी पावसाळ्यानंतर एकदा पट्टीची अक्षरे, वेल्क्रोची पकड आणि लॅमिनेशनच्या कडा बघा. नवे कार्ड खिशात गेले की जुने तिथल्या तिथे कापून टाका, पाकिटात आणि बॅगेत राहिलेल्या प्रतींसकट. एकाच माणसाकडे वेगवेगळ्या डोसची दोन कार्डे सापडली तर डॉक्टरला दोन्ही बाजूला ठेवावी लागतात.